सॅट आणि एसीटी : तारीख बदलणं, नोंदणी रद्द करणं, स्कोअर रद्द करणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी सॅट किंवा एसीटी या प्रवेशपरीक्षा देणाऱ्या मुलांच्या घरात दोन वेळा धावपळ होते. परीक्षेच्या दहा-पंधरा दिवस आधी पहिली : "तयारी झालेली नाही, पुढे ढकलू या का?" आणि परीक्षा देऊन आल्यावर त्याच संध्याकाळी दुसरी : "पेपर वाईट गेला, स्कोअरच रद्द करून टाकू या." या दोन्ही गोष्टींना आपण "कॅन्सल करणं" असं एकच नाव देतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पहिल्या निर्णयात फार तर थोडे डॉलर जातात. दुसरा एकदा घेतला की मागे घेता येत नाही. मुलं आणि पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

सॅटची तारीख बदलता येते का?

थेट बदलता येत नाही. आधीची नोंदणी रद्द करायची आणि नव्या तारखेसाठी पुन्हा नोंदणी करायची, अशी पद्धत आहे. दोन्ही कामं कॉलेज बोर्डाच्या (सॅट घेणाऱ्या संस्थेच्या) वेबसाइटवर विद्यार्थ्याच्या स्वतःच्या अकाउंटमधून होतात. रद्द करण्याचं शुल्क कापून उरलेली रक्कम परत मिळते आणि नव्या तारखेची फी पूर्ण भरावी लागते.

आधी नव्या तारखेला आपल्याला झेपेल अशा सेंटरवर जागा आहे का ते बघा, मगच जुनी नोंदणी सोडा. ऑगस्ट आणि ऑक्टोबरच्या परीक्षांना बारावीतल्या मुलांची गर्दी असते आणि जवळची सेंटर लवकर भरतात. हातातली जागा सोडल्यावर नवी मिळाली नाही, असं झालेली मुलं मी पाहिली आहेत. सप्टेंबरमध्ये अर्जांची कामं डोक्यावर असताना दोनशे किलोमीटरवरचं सेंटर घेण्याची वेळ त्यांच्यावर येते.

तारीख तीच ठेवून फक्त सेंटर बदलायचं असेल तर?

ते करता येतं. वेगळं शुल्क लागतं आणि नव्या सेंटरवर जागा शिल्लक असावी लागते. मुदत मात्र पाळावीच लागते. परीक्षेच्या दिवशी भलत्याच सेंटरवर जाऊन "मला इथे बसू द्या" म्हणून चालत नाही, परत पाठवतात.

नोंदणी रद्द करण्याची मुदत किती?

प्रत्येक तारखेची मुदत वेगळी असते आणि ती वेळापत्रकात दिलेली असते. उशिरा नोंदणी करणं, सेंटर बदलणं आणि कमी कपातीत नोंदणी रद्द करणं, या सगळ्यांची मुदत साधारणपणे एकच असते : परीक्षेच्या दहा-बारा दिवस आधीची. ती उलटल्यावर परीक्षेच्या आधीपर्यंत नोंदणी रद्द करता येते, पण कपात जास्त होते. काहीच न कळवता गैरहजर राहिलं तर फी गेली.

म्हणून मी एकच सांगते. जायचं नाही हे नक्की झालं असेल, तर मुदतीच्या शेवटच्या तारखेपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी अकाउंट उघडून रद्द करा. आपली जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळते, हेही काही कमी नाही.

फी किती? आणि परत किती मिळते?

२०२४-२५ या वर्षी सॅटची मूळ फी ६८ डॉलर होती, आणि अमेरिकेबाहेर परीक्षा देणाऱ्यांना त्यावर ४३ डॉलरचं वेगळं शुल्क होतं. रद्द करण्याच्या शुल्काचे आकडे वर्षागणिक बदलतात. रद्द करण्याचं बटण दाबण्यापूर्वी किती कापणार आणि किती परत देणार ते अकाउंटमध्ये दिसतं. पैसे ज्या कार्डावरून भरले त्यावरच परत येतात, त्यामुळे ते कार्ड मध्येच बंद करू नका.

परीक्षेच्या दिवशी ताप आला तर?

आजारी मुलाला ओढत नेऊ नका. वर्षात सॅट सात-आठ वेळा होते आणि मार्च ते जून, ऑगस्ट ते डिसेंबर अशा दोन टप्प्यांत तारखा असतात. एक तारीख गेली म्हणून प्रवेश जात नाही.

परीक्षा सुरू झाल्यावर बरं वाटेनासं झालं, तर प्रॉक्टरला (पर्यवेक्षकाला) लगेच सांगा. "मी मध्येच उठून आले, म्हणजे स्कोअर आपोआप रद्द झाला" असं धरून चालू नका. तोपर्यंत दिलेली उत्तरं जमा होऊ शकतात. स्कोअर नको असेल तर तो रद्द करण्याची विनंती वेगळी करावी लागते. तिथेच सेंटरच्या समन्वयकाशी बोलून घ्या.

सेंटरच बंद पडलं, वादळ आलं, यंत्रणा बिघडली तर?

ही तुमची चूक नाही आणि त्याचा भुर्दंडही तुमच्यावर पडत नाही. अशा वेळी पर्यायी तारीख दिली जाते किंवा फी परत मिळते. २०२० मध्ये कोरोनामुळे मे आणि जूनच्या सॅट परीक्षा रद्द झाल्या, तेव्हा फी परत केली होती. ८ मार्च २०२५ ला परीक्षेच्या ॲपमधल्या चुकीच्या सेटिंगमुळे स्थानिक वेळेनुसार सकाळी ११ वाजता सुमारे १०,००० मुलांचे पेपर वेळेआधीच आपोआप जमा झाले. त्यांना फी परत मिळाली आणि त्याच महिन्यात पुन्हा परीक्षा देण्याची संधीही दिली गेली.

कधी कधी पेपर फुटल्याच्या संशयावरून परीक्षाच रद्द होते. मे २०१३ मध्ये दक्षिण कोरियात सॅट देशभर रद्द झाली होती. जून २०१६ मध्ये दक्षिण कोरिया आणि हाँगकाँगमध्ये एसीटी परीक्षेच्या अगदी तोंडावर रद्द झाली. मन लावून अभ्यास केलेल्या मुलांवर हा मोठा अन्याय आहे, आणि म्हणूनच मी शेवटच्या शक्य तारखेवर सगळी भिस्त ठेवू नका म्हणते. मागे एक तारीख हाताशी असू द्या.

परीक्षा दिली. आता स्कोअर रद्द करायचा आहे. कसा आणि कधीपर्यंत?

सॅट शनिवारी झाली असेल, तर त्यापुढच्या गुरुवारी रात्री ११:५९ पर्यंत, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार. रद्द करण्याचा फॉर्म सेंटरवरच मागून, भरून, सही करून देता येतो. घरी आल्यावर ठरवलं तर सही केलेला फॉर्म मुदतीत पोचवावा लागतो. नुसता फोन करून किंवा ईमेल लिहून भागत नाही, सही लागते.

भारतात परीक्षा दिलेल्यांनी घड्याळाचा हिशोब नीट करावा. मार्च, मे, जून, ऑगस्ट, ऑक्टोबर या परीक्षांसाठी ती वेळ म्हणजे आपल्याकडचे शुक्रवारी सकाळचे ९:२९. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या परीक्षांसाठी शुक्रवारी सकाळचे १०:२९. अर्थात एवढं ताणण्यात काही अर्थ नाही. बुधवारपर्यंत निर्णय घ्या म्हणजे गुरुवारचा दिवस हाताशी राहतो.

आधी स्कोअर बघून मग रद्द करता येईल का?

सॅटमध्ये नाही. रद्द करण्याची मुदत चार-पाच दिवसांत संपते आणि स्कोअर साधारण दोन आठवड्यांनी येतो. म्हणजे निर्णय अंधारातच घ्यायचा असतो. रद्द केलेला स्कोअर कॉलेजला जात नाही आणि तुम्हालाही कधीच कळत नाही. फीसुद्धा परत मिळत नाही.

फक्त गणिताचा स्कोअर रद्द करता येईल?

नाही. रद्द केला तर वाचन-लेखन आणि गणित दोन्ही जातात. गणिताने दगा दिला असं वाटतंय आणि वाचन-लेखन उत्तम झालंय, अशी स्थिती असेल तर रद्द करू नका. कारण पुढे "सुपरस्कोअर"च्या उत्तरात आहे.

रद्द केल्यावर मन बदललं तर?

काही उपाय नाही. तो स्कोअर परत आणता येत नाही. एका मुलीने शनिवारी संध्याकाळी घाईघाईत फॉर्म दिला आणि सोमवारी मैत्रिणींशी बोलल्यावर तिच्या लक्षात आलं की तिला जे "भयंकर" वाटलं तेच सगळ्यांना वाटलं होतं. तेव्हापासून मी मुलांना सांगते, शनिवारी रात्री काहीही ठरवायचं नाही. जेवा, झोपा, रविवार जाऊ द्या.

दुसरा भाग फार कठीण होता. म्हणजे पेपर वाईटच गेला ना?

या प्रश्नावर जरा थांबू या, कारण स्कोअर रद्द करण्यामागे सगळ्यात जास्त वेळा हाच गैरसमज असतो.

अमेरिकेबाहेर मार्च २०२३ पासून आणि अमेरिकेत मार्च २०२४ पासून सॅट संगणकावर होते. परीक्षा २ तास १४ मिनिटांची आणि ९८ प्रश्नांची असते. वाचन-लेखनाचे दोन भाग, प्रत्येकी ३२ मिनिटं आणि २७ प्रश्न. गणिताचे दोन भाग, प्रत्येकी ३५ मिनिटं आणि २२ प्रश्न. पहिला भाग कसा सोडवलात त्यावर दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते. पहिला चांगला गेला तर दुसरा अवघड येतो आणि वरचे गुण मिळवण्याची वाट त्या अवघड भागातूनच जाते. म्हणजे दुसऱ्या भागात घाम फुटला, तर पहिला भाग बहुधा चांगला गेला होता. उलट दुसरा भाग अगदी सोपा वाटला म्हणून खूश झालेल्या मुलाला पुढे कमी गुण दिसू शकतात.

आणखी एक. प्रत्येक भागात २ प्रश्न गुणांसाठी धरलेच जात नाहीत. पुढच्या परीक्षांसाठी त्यांची चाचणी घेतली जात असते. ते कोणते हे परीक्षार्थ्याला सांगत नाहीत. ज्या विचित्र प्रश्नाने तुमची झोप उडवली, तो कदाचित मोजलाच जाणार नाही. आणि चुकीच्या उत्तराला गुण कापण्याची पद्धत २०१६ मध्येच बंद झाली, त्यामुळे अंदाजाने खुणा केल्या म्हणून नुकसान होत नाही.

मग रद्द करावा तरी कधी?

माझ्या मते फार थोड्या वेळा. तब्येत बिघडल्यामुळे अर्धा पेपर कोरा राहिला, लॅपटॉप बंद पडून बराच वेळ गेला आणि तो भरून मिळाला नाही, किंवा एखादा संपूर्ण भाग सोडवताच आला नाही, अशा वेळी. "बरोबर आलं असतं असे चार प्रश्न चुकले" हे कारण पुरेसं नाही. यंत्राची अडचण आली असेल, तर आधी ती सेंटरवर नोंदवून घ्या आणि कॉलेज बोर्डाला कळवा. तक्रार केल्यावर फेरपरीक्षा मिळू शकते. ते न करता आधीच स्कोअर रद्द करून बसू नका.

रद्द न करता स्कोअर लपवता येतो का?

लपवणं हा शब्द मला आवडत नाही, पण हो, कोणत्या तारखेचा स्कोअर पाठवायचा हे तुम्ही ठरवू शकता. सॅटमध्ये याला "स्कोअर चॉइस" म्हणतात. तीन वेळा परीक्षा दिली आणि पहिल्या वेळचा स्कोअर पाठवायचा नाही, तर नका पाठवू. निवड पूर्ण तारखेची होते. एका तारखेचं गणित आणि दुसऱ्या तारखेचं वाचन, असं तोडून पाठवता येत नाही. एसीटीतही प्रत्येक तारखेचा स्कोअर वेगळा पाठवता येतो.

काही कॉलेजं मात्र सगळे स्कोअर मागतात. जॉर्जटाउन विद्यापीठ त्यासाठी प्रसिद्ध आहे. यादीतल्या प्रत्येक कॉलेजचा नियम त्याच्या प्रवेशाच्या पानावर वाचा आणि प्रामाणिकपणे पाळा.

सुपरस्कोअर म्हणजे काय?

तुम्ही पाठवलेल्या वेगवेगळ्या तारखांच्या स्कोअरमधून प्रत्येक विषयाचा सर्वोत्तम आकडा घेऊन कॉलेज बेरीज करतं. समजा ऑगस्टमध्ये वाचन-लेखन ७३० आणि गणित ६४० आले, ऑक्टोबरमध्ये ६८० आणि ७६० आले. सुपरस्कोअर ७३० अधिक ७६०, म्हणजे १४९०. ऑगस्टचा पेपर "वाईट गेला" म्हणून रद्द केला असता, तर ते ७३० हातचे गेले असते. बरीच कॉलेजं असा हिशोब धरतात, त्यामुळे अर्धा चांगला गेलेला पेपरसुद्धा जपून ठेवण्यासारखा असतो.

चार कॉलेजं आधीच निवडली होती. त्यांना स्कोअर गेला तर?

सॅटमध्ये परीक्षेनंतर ९ दिवसांपर्यंत चार कॉलेजांना स्कोअर फुकट पाठवता येतो, आणि तेवढ्याच मुदतीत ती नावं बदलता किंवा काढता येतात. अडचण इतकीच की त्या वेळी स्कोअर आलेला नसतो. मनात धाकधूक असेल, तर स्कोअर रद्द करण्यापेक्षा अकाउंटमध्ये जाऊन ही नावं काढून टाका. पुढे स्कोअर बघून, पैसे भरून पाठवता येईल. काही डॉलर जातील, पण निर्णय डोळे उघडे ठेवून घेता येईल. वाईट वाटलेल्या पेपरवरचा हा सगळ्यात शहाणा उपाय आहे आणि कितीतरी पालकांना तो माहीतच नसतो.

एसीटीचे नियम हेच आहेत का?

नाहीत, आणि इथेच गफलत होते. एसीटीमध्ये शुल्क भरून तारीख किंवा सेंटर बदलता येतं, रद्द करून नव्याने नोंदणी करावी लागत नाही. मूळ फी परत मिळेल या भरवशावर मात्र राहू नका.

स्कोअरच्या बाबतीत एसीटी जास्त मोकळी आहे. स्कोअर हातात आल्यावरसुद्धा त्या तारखेची नोंद कायमची काढून टाकण्याची लेखी विनंती करता येते. म्हणजे बघून ठरवायची सोय आहे. पण आधीच एखाद्या कॉलेजला गेलेला स्कोअर तिथून परत येत नाही. शिवाय राज्य सरकारने किंवा शाळेच्या डिस्ट्रिक्टने शाळेतच घेतलेल्या एसीटीचा स्कोअर असा काढता येत नाही.

शाळेतच, कामाच्या दिवशी सॅट आहे. ती पुढे ढकलता येईल?

ते विद्यार्थ्याच्या हातात नसतं. तारीख शाळा ठरवते. काही अडचण असेल तर शाळेच्या समुपदेशकाला भेटा.

जास्त वेळ मिळण्याची परवानगी होती. तारीख बदलली तर ती पुन्हा घ्यावी लागेल?

नाही. डिस्लेक्सिया, दृष्टिदोष किंवा इतर कारणाने कॉलेज बोर्डाने एकदा दिलेली सवलत पुढच्या परीक्षांनाही चालते. नव्या नोंदणीत ती दिसते आहे ना, एवढं तपासा. परवानगी अजून मिळालीच नसेल, तर तारीख निवडताना हे लक्षात घ्या की निर्णयाला सात आठवडे लागू शकतात. ज्यांना लॅपटॉप उसना हवा आहे त्यांनीही परीक्षेच्या किमान ३० दिवस आधी मागणी नोंदवायची असते. तारीख बदलली की ही मागणी नव्या तारखेसाठीही झाली आहे ना, हे बघून घ्या.

स्कोअर आम्ही नाही, त्यांनीच रद्द केला. आता?

नियमभंग झाला किंवा स्कोअरच्या खरेपणाबद्दल शंका आली, तर परीक्षा घेणारी संस्था स्कोअर रोखू किंवा रद्द करू शकते. खिशात राहिलेला फोन, मधल्या सुट्टीत फोन बघणं, एवढ्यावरूनही हे होतं. पत्र किंवा ईमेल आला की घाबरून गप्प बसू नका. त्यात उत्तर देण्याची मुदत असते, बाजू मांडण्याची सोय असते. उत्तर लिहिण्याआधी घरात मुलाला न रागावता सगळं विचारा. रागावलात तर अर्धी हकीकत कळणारच नाही.

सरळ सॅट न देताच अर्ज केला तर?

कॉलेज कोणतं यावर ते ठरेल. २०२० नंतर बऱ्याच ठिकाणी स्कोअर ऐच्छिक झाला. मग एमआयटीने २०२२ मध्ये तो पुन्हा सक्तीचा केला, आणि २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक यांनीही तेच केलं. दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्निया विद्यापीठ. त्याच्या बर्कली, लॉस एंजेलिससकट सगळ्या कॅम्पसवर प्रवेश देताना सॅट-एसीटीचे गुण बघतच नाहीत. तुमच्या यादीत फक्त अशीच नावं असतील, तर नोंदणी रद्द करा आणि तो शनिवार निबंधावर घालवा.

एपीचा स्कोअरही रद्द करता येतो?

एपी म्हणजे शाळेत असतानाच देता येणारी कॉलेजच्या पातळीची परीक्षा, तीही कॉलेज बोर्डाचीच. तिचा स्कोअर रद्द करता येतो, फी न भरता, फॉर्म सही करून. त्या वर्षी तो कुठेच जाऊ नये असं वाटत असेल तर १५ जूनपर्यंत फॉर्म पोचायला हवा. हाही निर्णय कायमचा. एखाद्याच कॉलेजला स्कोअर दाखवायचा नसेल तर शुल्क भरून तो तेवढ्यापुरता रोखता येतो, आणि ती रोख पुढे उठवता येते.

रद्द केलं. आता पुढची तारीख कोणती धरू?

मागून मोजत या. अर्जाची मुदत १ नोव्हेंबर असेल, तर बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरची सॅट शेवटची चालते. १ जानेवारी असेल तर डिसेंबरची. कॉलेजच्या पानावर "शेवटची स्वीकारली जाणारी परीक्षा" लिहिलेली असते, ती पाहा. मग त्याच्या आधीची एक तारीख निवडा, म्हणजे पुन्हा आजारपण किंवा सेंटरचा गोंधळ झाला तरी एक संधी उरेल. दोन परीक्षांमध्ये निदान सहा आठवडे ठेवा. पहिल्या आठवड्यात पुस्तकाला हात लावू नका. स्कोअर रद्द केला नसेल, तर तो आल्यावर त्यातल्या कच्च्या जागा पाहून अभ्यास ठरवा. रद्द केला असेल तर परीक्षेच्याच ॲपमध्ये मिळणारी पूर्ण सराव परीक्षा एका शनिवारी सकाळी, घड्याळ लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून द्या, आणि तिथून सुरुवात करा.